कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर मात्र निवृत्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओपन सोर्सचा विषय निघाला की चर्चा लगेच तत्त्वांवर चढते. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, पाहायला मिळणे हा वापरणाऱ्याचा हक्क, की कंपनीची मेहनत फुकट लाटण्याचा प्रकार, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिले जाते. हार्डवेअरच्या ड्रायव्हरबाबत, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत, मात्र तत्त्वाच्या आधी एक रोकडा हिशेब आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षे चालणार, आणि ते ठरवणार कोण? ड्रायव्हर बंद असेल, म्हणजे त्याचा कोड फक्त कंपनीकडे असेल, तर ते कंपनी ठरवते, तेही वस्तू विकून झाल्यावर. माझे म्हणणे एवढेच आहे. पण ड्रायव्हर मोडतो म्हणजे नेमके काय होते, हे जवळून पाहिल्याशिवाय ते पटायचे नाही.

दोन ग्राफिक्स कार्डे घेऊ. एएमडीचे रेडिऑन एचडी ७९७० जानेवारी २०१२ मध्ये विक्रीला आले, एनव्हिडियाचे जीफोर्स जीटीएक्स ६८० त्याच वर्षी मार्चमध्ये. दोन्ही त्या काळची अव्वल कार्डे. एएमडीने या पिढीच्या विंडोज ड्रायव्हरचे नियमित काम २०२१ मध्ये थांबवले. लिनक्स या खुल्या प्रणालीवर मात्र याच कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, मुख्य कोडमध्ये आहे, त्यामुळे तो प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर आपसूक येतो. कंपनीने लक्ष काढून घेतले तरी बाहेरचे लोक त्यात सुधारणा करू शकतात आणि करतातही. जीटीएक्स ६८० चालवणारी बंद ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०. तिची देखभाल २०२४ मध्ये संपली. त्याआधी ३४० मालिका २०१९ अखेर आणि ३९० मालिका २०२२ अखेर अशीच संपली होती. आता त्या कार्डावर नवा कर्नेल चालवायचा तर कोणा स्वयंसेवकाने केलेल्या दुरुस्त्या (पॅच) लावून जुना ड्रायव्हर कसाबसा कंपाइल करायचा, म्हणजे कोडपासून चालण्याजोगा बनवायचा, नाहीतर नूव्हो हा खुला ड्रायव्हर वापरायचा. नूव्होवर हे कार्ड सुरू होतानाच्या मंद घड्याळावरच चालत राहते. वेग हाताने वाढवावा लागतो. सिलिकॉन दोन्हीकडे धडधाकट आहे. एक कार्ड कामावर आहे आणि दुसरे कागदोपत्री निवृत्त झाले आहे.

आता ड्रायव्हर मोडतो कसा ते पाहू. लिनक्सचा ड्रायव्हर हा वेगळा चालणारा प्रोग्रॅम नसतो. तो कर्नेलमध्ये मॉड्यूल (जोडभाग) म्हणून शिरतो आणि कर्नेलचीच फंक्शन्स, म्हणजे ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, वापरतो. ॲक्सेस_ओके या नावाचे असेच एक फंक्शन आहे. एखाद्या प्रोग्रॅमने दिलेला मेमरीचा पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, एवढे ते तपासते. पूर्वी त्याला तीन गोष्टी द्याव्या लागत: वाचायचे आहे की लिहायचे, पत्ता, आणि लांबी. यातली पहिली गोष्ट जुन्या ३८६ प्रोसेसरच्या एका उणिवेपायी ठेवलेली होती, आणि ३८६ चा सपोर्ट तर २०१२ मध्येच काढून टाकला होता. म्हणून २०१९ च्या सुरुवातीला, ५.० या आवृत्तीसाठी, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती पहिली गोष्ट छाटली. कर्नेलच्या कोडमध्ये हे फंक्शन जिथे जिथे वापरले होते, त्या शेकडो ओळी त्याच एका बदलात दुरुस्त झाल्या. कर्नेलमध्ये असलेल्या ड्रायव्हरच्या मालकांना काही कळायच्या आत त्यांचे काम झालेले होते. कर्नेलबाहेरच्या ड्रायव्हरला मात्र कोणी हात लावला नाही, कारण तो तिथे नव्हताच. असा ड्रायव्हर ५.० वर कंपाइल करायला गेले की कंपाइलर सांगतो: तीन आर्ग्युमेंट दिलीत, हा मॅक्रो दोनच घेतो. खेळ तिथेच संपतो.

हे एकदाच घडलेले नाही. २०२० च्या ५.६ आवृत्तीत आयओरिमॅप_नोकॅश हे फंक्शन गेले, कारण साधे आयओरिमॅप तेच काम कधीपासून करत होते. एका शब्दाचा फरक. पण कर्नेलबाहेरचे कितीतरी जुने ड्रायव्हर त्या एका शब्दावर आडवे झाले. कोड हाताशी असेल तर ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. कोड कंपनीच्या कपाटात असेल आणि ते खातेच बंद झाले असेल, तर दुरुस्ती कधीच होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: कर्नेलवाले दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतात आणि आतली रचना हवी तशी बदलतात, मग दोष कंपनीचा कसा? विंडोज ड्रायव्हरसाठीची जोडणी बरीच वर्षे स्थिर ठेवते, त्यामुळे तिथे जुना बंद ड्रायव्हर जास्त टिकतो, हे खरेच आहे. (तिथेही ३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना धडधाकट स्कॅनर आणि प्रिंटर अडगळीत गेलेच.) लिनक्सने हे धोरण जाणूनबुजून घेतले आहे. कर्नेलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे त्याविषयीचे टिपण कर्नेलच्या दस्तऐवजांतच आहे. त्यांचा दाखला यूएसबीचा आहे: कर्नेलमधली यूएसबीची आतली जोडणी किमान तीनदा नव्याने घडवावी लागली. जुन्या ड्रायव्हरना सांभाळायचे ठरवले असते तर जुनी, सदोष रचनाही कायमची वागवावी लागली असती. प्रोग्रॅमसाठीची बाहेरची जोडणी मात्र कर्नेल मोडू देत नाही. हा सौदा मला मान्य आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो हे लपवू नये: बंद ड्रायव्हरचे हार्डवेअर घेणारा ग्राहक.

ही किंमत रोजच्या वापरात कशी दिसते? बंद किंवा कर्नेलबाहेरचा ड्रायव्हर बहुधा डीकेएमएस या सोयीमार्फत बसतो. नवा कर्नेल आला की डीकेएमएस ड्रायव्हरचा उघडा भाग त्या कर्नेलसाठी पुन्हा कंपाइल करतो आणि कंपनीने आधीच कंपाइल करून दिलेल्या गोळ्याला जोडतो. इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात.

सगळ्यात जास्त वेळा बिघडते ते हेडरचे. कंपाइल करायला त्याच कर्नेलच्या हेडर फाइल, म्हणजे त्याच्या फंक्शन्सची ओळख देणाऱ्या फाइल, लागतात. पुष्कळजण ड्रायव्हर बसवताना फक्त चालू आवृत्तीचे हेडर घेतात. पुढच्या अपडेटला कर्नेल येतो, हेडर येत नाहीत, ड्रायव्हर तयार होत नाही आणि मशीन काळ्या स्क्रीनवर उभे राहते. उपाय असा की विशिष्ट आवृत्तीऐवजी हेडरचे छत्री पॅकेज घ्यावे; लिनक्सच्या डेबियन या वितरणावर (तयार संचावर) ते लिनक्स-हेडर्स-एएमडी६४, उबुंटूवर लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. मग कर्नेलमागोमाग हेडरही येत राहतात. अपडेटनंतर मशीन बंद करण्यापूर्वी ‘डीकेएमएस स्टेटस’ ही कमांड द्यावी. नव्या कर्नेलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसले तर ठीक. फक्त ‘ॲडेड’ दिसले तर कोडची नोंद झाली आहे, कंपाइल काहीच झालेले नाही. कारण हवे असेल तर त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरमधली मेक.लॉग फाइल उघडावी आणि पहिली चूक वाचावी. शेवटची वाचून उपयोग नसतो, ती पहिलीचीच सावली असते.

दुसरा अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे मशीन सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासण्याच्या सोयीचा. ते चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नेल आत घेत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप देतो. मग मोकयुटिल या कमांडने आपली सार्वजनिक किल्ली नोंदवायची आणि एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा. मशीन पुन्हा सुरू करताना एक निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंद थांबते. त्या दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर मशीन नेहमीसारखे सुरू होते, किल्लीची नोंद होत नाही, आणि माणूस तासभर डोके धरून बसतो. त्या पासवर्डात चिन्हे घालू नयेत. त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीने चालतो. कर्नेलबरोबर आलेल्या ड्रायव्हरला हा उपद्व्याप लागत नाही, कारण वितरणाने त्यावर सही आधीच केलेली असते.

तिसरा, /बूट हा कर्नेल ठेवण्यासाठीचा डिस्कवरचा वेगळा विभाग छोटा असणे. ग्राफिक्सचे मॉड्यूल आणि फर्मवेअर (उपकरणाच्या चिपवर चालणारे सॉफ्टवेअर) सुरुवातीच्या प्रतिमेत, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, जाऊन बसले की ती प्रतिमा फुगते आणि जुने दोन-तीन कर्नेल मिळून विभाग भरतो. म्हणून जागा मोकळी ठेवावी. पण सगळे जुने कर्नेल काढू नयेत. काळी स्क्रीन आली तर ग्रब या मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या प्रगत पर्यायांत जाऊन मागचा कर्नेल निवडणे हाच सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग असतो.

बंद मॉड्यूल आत आले की कर्नेल स्वतःवर डाग लावून घेतो. ही रचना मला फार प्रामाणिक वाटते. /प्रॉक/सिस/कर्नेल/टेंटेड या फाइलमध्ये एक आकडा असतो. शून्य म्हणजे डाग नाही. बंद मॉड्यूलचा १, कर्नेलबाहेरच्या मॉड्यूलचे ४०९६, सही नसलेल्याचे ८१९२. तिन्ही एकदम असतील तर बेरीज १२२८९, आणि एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर वापरणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. याचा अर्थ काय? असे मशीन कोसळल्याची तक्रार केली तर कर्नेलचे लोक बहुधा सांगतात, ते मॉड्यूल काढा, पुन्हा करून पाहा, मग या. हा हेकटपणा नव्हे. कर्नेलमधल्या मॉड्यूलला सगळ्या मेमरीवर मोकळा हात असतो; त्याने कुठेतरी चुकीच्या जागी चार बाइट लिहिले तर मशीन दहा मिनिटांनी तिसऱ्याच भागात कोसळते. कोड दिसत नसेल तर शोधायचे कुठे? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर आणले. ते हार्डवेअरचे ड्रायव्हर नव्हते, पण कर्नेलच्या पातळीवरची एक चूक किती दूर जाते ते त्यातून दिसले.

वादाचा इतिहास थोडक्यात. लिनक्स कर्नेल जीपीएल आवृत्ती २ या लायसन्सखाली येतो, ज्यात बदललेला कोड वाटताना तोही खुला ठेवावा लागतो, आणि बंद मॉड्यूल या लायसन्सात बसते का, यावर वकिलांचेही एकमत नाही. २००८ मध्ये शंभराहून अधिक कर्नेल विकासकांनी सही केलेले निवेदन निघाले की बंद मॉड्यूल घातक आणि नकोशी आहेत. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले, आणि सामान्य वाचकाला या वादातले बहुधा तेवढेच ठाऊक असते. खरी झटापट मात्र शांतपणे, कोडमध्येच चालू होती. कर्नेलची काही फंक्शन्स फक्त जीपीएल मॉड्यूलसाठी राखीव असतात. त्यातून पळवाट अशी की बंद मॉड्यूल आणि कर्नेल यांच्या मध्ये जीपीएलचा शिक्का असलेले एक छोटेसे मॉड्यूल ठेवायचे आणि त्याच्याकरवी ती फंक्शन्स वापरायची. २०२० च्या ५.९ आवृत्तीत ही वाट बुजवली: बंद मॉड्यूलवर अवलंबून असलेले मधले मॉड्यूलही बंदच धरले जाऊ लागले.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ५१५ मालिकेबरोबर आपल्या कर्नेल मॉड्यूलचा कोड एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी लायसन्सखाली खुला केला. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. ‘अखेर एनव्हिडिया सुधारली’ असे मथळे झळकले. मी ती बातमी अर्धीच मानतो. ट्युरिंगपासून कार्डावरच जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे. पूर्वी ड्रायव्हर करत असलेले बरेचसे काम त्या प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये गेले, आणि ते फर्मवेअर बंद आहे, कंपनीच्या सहीचे आहे, आकाराने कित्येक मेगाबाइटचे आहे. प्रोग्रॅमना ग्राफिक्स आणि गणनेसाठी लागणाऱ्या ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडाच्या लायब्ररीही बंदच आहेत. गुपित तिजोरीतून काढून तळघरात ठेवले, एवढेच.

तरीही अर्धी बातमी ही बातमीच असते. कर्नेलला चिकटणारा भाग उघडा झाल्याने वर सांगितलेल्या ॲक्सेस_ओकेसारख्या दुरुस्त्या आता कोणीही करू शकतो. याआधी परिस्थिती वाईट होती: २०१४ पासूनच्या, म्हणजे जीटीएक्स ९७० आणि ९८० पासूनच्या कार्डांवर कंपनीची सही असलेले फर्मवेअर असल्याशिवाय घड्याळाचा वेग बदलताच येत नव्हता. उलट अभियांत्रिकी करून नूव्हो उभा करणाऱ्यांचे हात तिथे बांधले गेले. २०१० मध्ये २.६.३३ कर्नेलमध्ये आलेला हा ड्रायव्हर त्या कार्डांवर पहिल्या गिअरमध्ये रखडला, त्याचे कारण हे.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची गल्लत फार होते म्हणून थोडे तपशिलात. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर, कर्नेलच्या पोटात चालतो. फर्मवेअर उपकरणाच्या आतल्या स्वतःच्या चिपवर चालते. ड्रायव्हर फक्त ते /लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून उचलून उपकरणात भरतो. फाइल नसेल तर डीमेसेज या कर्नेलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड… फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ येते. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, उपकरण बिघडलेले नाही. इंटेलच्या वाय-फायबाबत तर अशा चार-पाच ओळी दिसल्या तरी घाबरायचे कारण नसते. तो ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीपासून एकेक पायरी खाली उतरत फर्मवेअर मागतो. त्या ओळींच्या खाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ दिसले की काम झाले. ते दिसले नाही तरच फर्मवेअरचे पॅकेज बसवावे आणि मशीन पुन्हा सुरू करावे.

बंद फर्मवेअर चालेल का? कट्टर बाजू म्हणते, नाही. त्या म्हणण्यात तथ्य आहे: २०१७ मध्ये ब्रॉडपॉन नावाने उघड झालेला दोष ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपच्या फर्मवेअरमध्ये होता आणि त्यामुळे ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना धोका पोहोचला. पण वाय-फाय चालू नसेल तर फर्मवेअर तरी उतरवणार कुठून, हा प्रश्न वर्षानुवर्षे नवख्या माणसाला छळत होता. डेबियनने २०११ मध्ये कर्नेलमधून बंद फर्मवेअर वेगळे काढले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सभासदांच्या मतदानाने ठरले की अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते द्यायचे, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते स्वतंत्र विभागात, नाव स्पष्ट लिहून मिळते. मला हा निर्णय बरोबर वाटतो. उपकरणाच्या चिपमध्ये आधीच भाजून ठेवलेले फर्मवेअर कोणाला खुपत नाही; तेच फर्मवेअर फाइल म्हणून समोर आले की अशुद्ध ठरते, हे सोवळे फारसे पटणारे नाही. वाटण्याची मुभा असलेले बंद फर्मवेअर एकवेळ चालेल. कर्नेलमध्ये घुसणारा बंद कोड चालणार नाही. मी रेघ तिथे ओढतो.

कंपन्यांची कारणे सगळीच लबाडीची नसतात. कोडचा काही भाग तिसऱ्याच कंपनीकडून परवान्यावर घेतलेला असतो आणि तो उघडण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे नसतो. याचे सगळ्यात करुण उदाहरण म्हणजे इंटेल जीएमए ५००. २००८ ते २०१० च्या सुमारास कित्येक नेटबुकांमध्ये तो होता. नाव इंटेलचे, आतला ग्राफिक्स गाभा मात्र इमॅजिनेशनच्या पॉवरव्हीआरचा. एरवी इंटेलचे ग्राफिक्स लिनक्सवर बिनबोभाट चालत असल्याने लोकांनी डोळे झाकून ही नेटबुके घेतली. बंद ड्रायव्हर एका ठरावीक कर्नेलपुरता आणि एक्स सर्व्हरच्या (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका आवृत्तीपुरता निघाला, पुढे कोणी तो हलवला नाही. २०१२ मध्ये ३.३ कर्नेलमध्ये खुला ड्रायव्हर आला तो चित्र दाखवण्यापुरता. थ्रीडीचा वेग त्यात नाहीच. गंमत म्हणजे त्याच इमॅजिनेशनचा खुला ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.८ कर्नेलमध्ये दाखल झाला, पण नव्या चिपांसाठी. त्या नेटबुकांना त्याचा काय उपयोग?

दुसरे कारण प्रमाणसंस्थांचे. टीव्ही-मॉनिटर जोडणीच्या एचडीएमआय २.१ या प्रमाणाचा सपोर्ट खुल्या ड्रायव्हरमध्ये द्यायची एएमडीची तयारी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळले की एचडीएमआय फोरमने प्रस्ताव फेटाळला आहे. इथे कंपनी उघडायला तयार आणि संस्था नकार देणारी. ज्यांचे हे काम बंद फर्मवेअरमध्ये होते त्यांना ही अडचण आली नाही, म्हणजे उघडेपणाचीच शिक्षा झाली. व्यवहारात उपाय सोपा आहे: ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत हवे असेल तर मॉनिटर घेताना डिस्प्लेपोर्ट आहे ना, ते पाहावे. टीव्हीला बहुधा तो नसतो, आणि तिथे मात्र अडचण येते.

रेडिओच्या नियमांचे कारण वाय-फायवाले पुढे करतात: ड्रायव्हर उघडला तर लोक शक्ती वाढवतील. लिनक्समध्ये देशवार मर्यादांचा सहीचा डेटाबेस आहे आणि अनेकांचे खुले ड्रायव्हर तो पाळतात. तेव्हा हे कारण फार ताणू नये.

वाय-फायचेच एक उदाहरण जवळून बघण्यासारखे आहे, कारण सर्वाधिक फसगत तिथे होते. रिअलटेक चिपचा स्वस्त यूएसबी डोंगल लावला की काही वेळा एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या कमांडमध्ये वाय-फाय दिसतच नाही. ०बीडीए:१ए२बी या ओळखीची एक डिस्क दिसते. डोंगलने स्वतःला सीडी म्हणून जाहीर केलेले असते आणि त्या ‘सीडी’त विंडोजचा ड्रायव्हर असतो. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्रॅम बसवला की ती सीडी ‘बाहेर काढली’ जाते आणि मग डोंगल खऱ्या ओळखीने, उदाहरणार्थ ०बीडीए:सी८११, समोर येतो. पुढे ड्रायव्हर. ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपांसाठी बरीच वर्षे कंपनीने दिलेल्या कोडच्या नाना लोकांनी दुरुस्त केलेल्या प्रती वापराव्या लागत. तो कोड वाचायला मिळत होता, पण कर्नेलमध्ये घेण्याच्या लायकीचा नव्हता. इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते: कोड नुसता उघडा असून भागत नाही, तो मुख्य कर्नेलमध्ये गेला तरच टिकतो. २०२३ च्या ६.२ कर्नेलमध्ये आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरला यूएसबीची जोड मिळाली आणि या चिपांचा प्रश्न मिटला. त्यापुढचा कर्नेल असेल तर जुना हाताने बसवलेला ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढून टाकावा. दोन्ही एकाच चिपवर हक्क सांगू लागले की वाय-फाय येतो-जातो.

खोक्यावरच्या मॉडेलवर विसंबू नये. तेच नाव, तोच रंग, पण आवृत्ती दोनमध्ये एक चिप आणि आवृत्ती तीनमध्ये वेगळ्याच कंपनीची, असे सर्रास होते. ओळख क्रमांक हाच पुरावा. पीसीआय उपकरणांसाठी, म्हणजे मशीनच्या आत बसवलेल्या कार्डांसाठी, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड द्यावी. त्यात ओळख आणि सध्या कुठला ड्रायव्हर लागला आहे तेही कळते. मग ‘मॉडइन्फो’ला त्या ड्रायव्हरचे नाव द्यावे. लायसन्सच्या ओळीत जीपीएल आणि ‘इनट्री’पुढे (म्हणजे मुख्य कर्नेलमधला आहे का, यापुढे) होकार दिसला तर निर्धास्त राहावे.

सगळ्यात उत्तम ड्रायव्हर म्हणजे जो वेगळा लागतच नाही तो. पेनड्राइव्ह, कीबोर्ड, एनव्हीएमई डिस्क, साधा यूएसबी वेबकॅम यांच्यासाठी कोणी कंपनीची सीडी शोधत नाही, कारण उपकरणाने बोलायची भाषाच ठरलेली आहे. प्रिंटरही आता त्या वाटेवर आहेत: आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेला प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतो, ईएससीएल ही स्कॅनिंगची पद्धत असेल तर स्कॅनही होते, आणि आयपीपी-यूएसबी असेल तर वायरनेही. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबवायचे. याउलट स्वस्त लेसर प्रिंटरचा बंद फिल्टर बहुधा फक्त इंटेल-प्रकारच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला असतो. तो रास्पबेरी पाय या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर चालवू पाहणाऱ्याला ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसते आणि दोष प्रिंटरचा वाटतो. उलटा प्रवासही होतो, हे सांगायला हवे. गेल्या काही वर्षांतल्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीवरून काढून थेट प्रोसेसरच्या आयपीयू६ या चित्र हाताळणाऱ्या भागाला जोडला. चालत असलेला वेबकॅम त्यामुळे पुन्हा खास ड्रायव्हरचा ओशाळा झाला. कर्नेलमध्ये त्याचा मूळ भाग ६.१० मध्ये, २०२४ ला पोहोचला.

खुला ड्रायव्हर अमर असतो असा दावा नाही. २०२३ च्या ६.३ कर्नेलमधून मॅट्रॉक्स, सॅव्हेज, व्हूडूसारख्या जुन्या कार्डांचे थ्रीडी ड्रायव्हर काढले, कारण चालवणारे कोणी उरले नव्हते. फरक इतकाच की तो कोड गिट या बदलांच्या नोंदवहीच्या इतिहासात आहे आणि एखाद्याला हौस आली तर तो परत उभा करता येतो.

कंपन्यांकडे मागायचे ते थोडकेच आहे. ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये द्या. ते जमत नसेल तर गोपनीयतेच्या कराराशिवाय चिपच्या रजिस्टरची (तिला आज्ञा देण्याच्या जागांची) माहिती द्या. एएमडीने २००७ पासून हेच सुरू केले आणि तिथूनच आजचा ड्रायव्हर उभा राहिला. फर्मवेअर वाटण्याची लेखी मुभा द्या. आणि सपोर्ट थांबवायची तारीख जाहीर कराल, त्याच दिवशी निदान जोडणीचा कोड खुला करा. शाळा, कार्यालये आणि ग्रंथालये संगणक एकगठ्ठा घेतात; त्यांच्या निविदेत ‘सर्व भागांचे ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये असावेत, किमान आवृत्ती अमुक’ अशी एक ओळ असली तर या मागणीला वजन येईल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर बरेच वाचक जुन्या मशीनवर लिनक्स टाकण्याच्या विचारात असतील. त्यांनी डिस्क पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कला हात न लावता चालणारे) सुरू करावे. वाय-फाय आणि ब्लूटूथ वेगवेगळे तपासावेत. चिप एक असली तरी दोघांची फर्मवेअर फाइल निराळी असते. आवाज, कॅमेरा, बोटाचा ठसा, बाहेरचा मॉनिटर पाहावा. मग झाकण लावून दहा मिनिटे थांबावे आणि उघडल्यावर वाय-फाय आपोआप परत जोडला जातो का ते बघावे. ही शेवटची चाचणी बहुतेकजण विसरतात, आणि नंतरच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक